पातेल्याचा क्लच

लढाईत गोऱ्या सोल्जरांनी वापरलेली एक मोटारसायकल आमच्या बारामतीच्या घरासमोर उभी असायची. आमची नव्हती हो, पाटाच्या हापिसाची होती. हिरवा रंग बराचसा उडालेला, बसायची गादी दोन ठिकाणी शिवलेली. मालक, म्हणजे माझे यजमान, तिच्यावरून पाटाच्या कडेकडेनं इंदापूरपर्यंत डाक न्यायचे. पाणी कधी सुटणार, कुठल्या चारीचं दार किती उचलायचं, असल्या चिठ्ठ्या त्यांच्या पिशवीत असत. चिठ्ठीला उशीर झाला की टोकाच्या शेतकऱ्याचं पाणी चुकलंच. म्हणून फटफटीचा आवाज आला की लोक बैलगाड्या आपणहून बाजूला घेत. मालकांना त्याचं फार अप्रूप. गाडीवर बसले की त्यांची मान ताठ व्हायची. घरात इतकी ताठ मी कधी पाहिली नाही.

ही नवे पैसे यायच्या आधीची गोष्ट. माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती, पदरात दीड वर्षाचा मुलगा होता.

त्या हिवाळ्यात मालकांची दोन बोटं गेली. माझ्या माहेरी, पणदऱ्याला, गुऱ्हाळ लागलं होतं. जावई रस प्यायला गेले, आणि रस पिऊन गप्प बसायचं सोडून चरकात ऊस सारायला बसले. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. जखम भरली, पण माझ्या सासूबाईंचं बोलणं काही भरून येईना. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. भाकरी थापता थापता त्या म्हणायच्या, "सुनंच्या म्हायेरचा रस लई ग्वाड हुता म्हणं." मी खाली मान घालून पीठ मळायची. 

आता डावा हात म्हणजे गाडीचा क्लच. क्लच म्हणजे काय हे मला मामंजींनी समजावलं होतं. मामंजी म्हणजे माझे सासरे. लढाईच्या काळात ते लष्कराच्या कारखान्यात फिटर होते, आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा स्वतःचा हातानं फिरवायचा लेथ होता. मोठं चाक मी फिरवायची, धातू ते कापायचे. मला अक्षरओळखही त्यांनीच करून दिली, शेडच्या दारावर खडूनं. ते म्हणाले, "ह्ये बघ, तव्यावर तवा रचल्यासारख्या चकत्या असत्यात. वर एक झाकण. झाकणावर चार स्प्रिंगा. स्प्रिंगा झाकण दाबून धरत्यात तवर सगळं एकसंगं फिरतं, गाडी पळती. दांडी वडली की झाकण केसभर उचलतं, चकत्या सुटत्यात, इंजिन नुसतं आपल्यापुरतं फिरतं, गाडी जागेवर."

त्या गाडीचं झाकण पातळ पत्र्याचं होतं. ते वाकडं उचलायचं, एका अंगाला सुटलेलं तर दुसऱ्या अंगाला चिकटलेलं. जात्याचा वरचा दगड कलला की कसं, तसं. म्हणून क्लचची दांडी अगदी मुठीला टेकेपर्यंत ओढावी लागे, आणि स्प्रिंगा अशा जबर की चार धड बोटांनाही घाम फुटावा. मालकांकडे उरली दोन. दांडी निम्मी ओढली जाई, आणि गाडी जिथं थांबायला हवी तिथं पुढे सरकायची. एका बाजारच्या दिवशी ती अशीच सरकत वांग्यांच्या ढिगात शिरली. माळीणबाई हसली, पण ही बातमी हापिसात पोचलीच.

मग निरोप आला. पुण्याचे मोठे साहेब सोमवारी दुपारी इंदापूरला येणार होते. त्यांच्यासमोर गाडी चालवून दाखवायची. जमलं तर ठीक, नाही तर गाडी दुसऱ्याकडे, आणि मालकांची बदली लांबच्या एका चौकीवर, राखणदार म्हणून. एक खोली, एक कंदील आणि पाटाचं पाणी. मालक जेवायला बसले आणि न जेवता उठले. बोटं गेल्यापासून ते हसले नव्हतेच, आता बोलायचेही थांबले.

मामंजींनी एक दिवस विचार केला आणि म्हणाले, "हाताला जोर आणता येत न्हाय, तर झाकण बदलू." लष्करात त्यांनी एका शर्यतीच्या गाडीला जर्मनचं ओतीव झाकण पाहिलं होतं. अ‍ॅल्युमिनियमला आमच्याकडे जर्मन म्हणत, अजूनही म्हणतात. जाड ओतायचं, म्हणजे वाकत नाही, आणि हलकं ते हलकंच. सगळीकडून सारखं उचलतं. सारखं उचललं की दांडी निम्मी ओढली तरी पुरते, स्प्रिंगाही थोड्या सैल ठेवता येतात.

मालमोटारीचे दोन फुटके पिस्टन मामंजींनी कुठूनसे मिळवले. पिस्टनचं जर्मन कठीण असतं. ते आणि झाकणाचा लाकडी नमुना त्यांनी मला दिला आणि पलीकडच्या आळीतल्या ओताऱ्याकडे पाठवलं. ते स्वतः स्प्रिंगा शोधायला गेले होते. ओतारी म्हातारा होता, घंटा आणि समया ओतायचा, सगळे त्याला तात्या म्हणत. त्यानं पिस्टन हातात तोलले, नमुना बघितला आणि मान हलवली.

"सूनबाई, ह्ये कमी पडतंय. साचा भरायचा न्हाय."

"मग वो?"

"मग काय, तुमच्या मामंजींना सांगा आणखी आणायला."

आणखी आणायला दिवस कुठं होते? शुक्रवार होता. मी घरी आले, आणि फळीवरचं माझं पातेलं काढलं. माहेरहून रुखवतात आलेलं, दुधाचं, जर्मनचं. मनात म्हटलं, माहेरामुळं बोटं गेली, आता माहेरचं काहीतरी कामी येऊ दे. पदराखाली झाकून नेलं.

तात्यानं ते बघितलं आणि म्हणाला, "मी पितळंवाला माणूस. ह्यातलं मला काय कळत न्हाय. चालंल का ह्ये?"

"जर्मनच की. वितळल्यावर सगळं एकच," मी म्हटलं. काय तो माझा शहाणपणा. वर आणखी म्हटलं, "तात्या, मामंजींना सांगू नका. आत्याबाई पातेल्यावरनं बोलतील."

"न्हाय सांगत," तात्या म्हणाला. पिस्टनांपाठोपाठ पातेलं मुशीत गेलं. बसायला लागलं, चेपलं, आणि बघता बघता दुधावरच्या सायीसारखं पसरलं.

शनिवारी लेथवर झाकण चढवलं. मी चाक फिरवत होते. त्या चाकाला हात लावला की कापणारी धार काय खातेय ते मला मुठीत कळायचं. पोलाद कुरकुरतं, पितळ खुळखुळतं. हे मात्र चिकटत होतं. चाक मध्येच जड व्हायचं, मध्येच सुटायचं. मामंजींनी कीस बोटात धरला. लांब, मऊ, गुंडाळलेला.

"पिस्टनचा कीस असा पडत न्हाय," ते म्हणाले. "भुगा पडतो. ह्ये तर भांड्याचं जर्मन वाटतंय. भांड्याचं जर्मन म्हंजी लोणी, स्प्रिंगांखाली चेपतं. तात्यानं माझे पिस्टन ठिवून घेतले का काय?"

माझे हात चाकावर थांबले.

"फिरव," मामंजी म्हणाले. "आता दुसरं वतायला येळ न्हाय. बघू."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं मी. पण दारात मालक उभे होते, झाकणाकडे बघत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी होतं. मी चाक फिरवलं.

रविवारी सकाळी मामंजींनी ते बसवलं. चार स्प्रिंगा, प्रत्येक स्प्रिंग एका छोट्या लोखंडी वाटीत, वर नट. नट चारही सारखे पिळायचे, नाही तर झाकण पुन्हा तिरकं. मालक गाडीवर बसले, लाथ मारली, गिअर टाकला. दोन बोटांनी दांडी ओढली. निम्मीच. गाडी जागची हलली नाही. सोडली, गाडी चालली. ओढली, थांबली. गल्लीतून ते असे पाच-सहा वेळा आले-गेले, आणि सहाव्या वेळी हसले. दात दिसतील असे हसले. आत्याबाईंनी पदर डोळ्याला लावला. आता सांगा, त्या वेळी मी कसं बोलणार होते?

रविवारचा सबंध दिवस मी त्या गाडीकडे बघायचं टाळत होते. मुलगा गादीला धरून उभा राहिला तरी मी त्याला उचलून आत न्यायची.

सोमवारी उजाडताच मामंजींनी क्लचवरची गोल डबी काढून आत बघितलं आणि मला हाक मारली. चारही लोखंडी वाट्या झाकणात खाली रुतल्या होत्या, ओल्या मातीत खुर रुततो तशा. एका रविवारच्या चकरांनी. इंदापूर तर तीस मैल होतं.

मामंजी तडक गेले आणि तात्याला घेऊन आले. म्हातारा पंचा खांद्यावर टाकून दारात उभा राहिला.

"तात्या, पिस्टन दिलं हुतं मी तुला," मामंजी म्हणाले. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्तच भीती वाटली. "ह्यात काय घातलंस? पोराची नोकरी हाय ह्यावर."

तात्यानं झाकणाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग जमिनीकडे. 

"तीस वर्सं तुझ्याकडनं काम घेतोय," मामंजी म्हणाले. "बोल की."

तात्या तरी बोलेना. त्यानं मला शब्द दिला होता, आणि त्या शब्दापायी तो माझ्या सासऱ्यासमोर चोर होऊन उभा होता. मला वाटलं जमीन फाटेल तर बरं. फाटत नाही ती.

"मी घातलं," मी म्हटलं. "माझं पातेलं. तात्यांनी इचारलं हुतं चालंल का, मीच व्हय म्हटलं. कुणाला सांगू नका असंबी मीच म्हटलं."

 मालक माझ्याकडे बघत होते, ते बघणं मला आजही आठवतं. रागाचं नव्हतं. पाय घसरल्यावर माणूस आधाराला भिंत शोधतं, तसं होतं.

मामंजी खाली बसले. वाटीला बोट लावून म्हणाले, "वाटीखाली रुंद काय तरी पायजे. पोलादी न्हायतर तांब्याची चकती, मधी भोक. म्हंजी दाब पसरंल. चार पायजेत. कापाय बसलो तर दुपार हुईल."

आत्याबाई इतका वेळ चुलीपाशी होत्या. त्या उठल्या, देव्हाऱ्यातल्या डबीतून काहीतरी आणलं आणि मामंजींच्या तळहातावर ठेवलं. भोकाचे पैसे. त्या वेळी तांब्याचे मोठे भोक असलेले पैसे असत, गोल बांगडीसारखे. तीन होते.

"चौथा?" मामंजी म्हणाले.

चौथा माझ्या मुलाच्या कमरेला होता, करगोट्यात बांधलेला, दृष्ट लागू नये म्हणून. आत्याबाईंनी स्वतःच बांधलेला. त्यांनी नातवाला जवळ ओढलं, विळीवर दोरा कापला. पोरगं ओरडलं. मला म्हणाल्या, "रडू दे. बापाला चौकीवर घालवल्यावर रडण्यापरीस आता रडलेलं बरं."

मामंजींनी कानशीनं भोकं थोडी मोठी केली, वाट्यांखाली पैसे बसवले. मग केरसुणीची एक काडी मापानं मोडून मला दाखवली. "ही वाटीच्या तळाला टेकवायची. नटाच्या डोक्याबरुबर आली तर ठीक. खाली बुडाली तर वाटी रुतलीया, तेवढा नट पिळायचा. चारी सारखे. वाटंत दोनदा बघायला लागंल."

"तुमी बसा मागं," मालक मामंजींना म्हणाले.

"माझं वजन नगं ह्या क्लचवर. हिला घिऊन जा. हिला पाना धरता येतो."

 बाई माणूस फटफटीवर मागं, गावातून, भर सकाळी. मी आत्याबाईंकडे बघितलं.

"बघतीस काय," त्या म्हणाल्या. "पातेलं तुझं हाय आत, तूच संबाळ."

मागच्या कॅरिअरवर गोधडीची घडी टाकून मी एका अंगानं बसले. पाना पदराच्या टोकाला बांधला, काडी अंबाड्यात खोचली. गावातून जाताना डोळे मिटून घेतले होते. पाटाच्या रस्त्याला लागल्यावर उघडले. एका बाजूला पाणी, एका बाजूला ऊस, मध्ये मातीचा रस्ता, आणि प्रत्येक वेळी बैलगाडी आडवी आली की मालकांचा हात दांडीवर. प्रत्येक ओढीला माझ्या मनात एक वाटी रुतत होती. 

लासुर्ण्याला बाभळीखाली थांबलो. मी डबी काढून काडी टेकवली. एका वाटीत जराशी बुडाली. पिळलं. निमगावला पुन्हा बघितलं. दोन वाट्यांत बुडाली. पिळलं.

"किती चुडी उरली?" मालकांनी विचारलं. चुडी म्हणजे नटाचे आटे. वाटेतलं त्यांचं हे पहिलं बोलणं.

"हाय अजून," मी म्हटलं. थोडीच होती.

इंदापूरला कचेरीजवळच्या मोकळ्या जागेत साहेबांची जीप उभी होती. मी लिंबाखाली बायकांत जाऊन उभी राहिले. साहेब उंच, चष्मेवाले, फार बोलणारे नव्हते. त्यांनी मालकांना दोन चकरा मारायला लावल्या, चढावर थांबून परत निघायला लावलं. सगळं नीट झालं. मग ते पुढे आले आणि म्हणाले, "गाडी गिअरमध्ये ठेव. बंद करायची नाही. मी सांगेपर्यंत इथेच उभा राहा."

मालकांनी दांडी ओढून धरली. साहेब चाकाच्या समोर आले, हात दोन हात अंतरावर. तेवढ्यात एक बागाईतदार अर्ज घेऊन आला, तोही मध्येच उभा राहिला. साहेबांनी गाडीकडे पाठ केली आणि त्याचा अर्ज वाचायला घेतला.

बागाईतदाराला घाई नव्हती. त्याच्या चारीला पाणी येत नव्हतं, वरचे लोक रात्रीत दार उचलतात, त्याची मोसंबी वाळली, असं सगळं तो शांतपणे सांगत होता. इंजिन धडधडत होतं. मी लेथच्या चाकाचे फेरे मोजावेत तसं मोजायला लागले. वीस. चाळीस. मालकांची दोन बोटं पांढरी पडली. साठ.  दांडी मुठीपासून सुटत चालली होती, एक बोटभर, दीड बोट, आणि समोर दोन माणसं पाठमोरी. जुनं झाकण असतं तर एवढ्यात गाडीनं झेप घेतली असती. माझा हात पदरातल्या पान्यावर आवळला गेला.

दांडी निम्म्यावर आली आणि तिथं मालकांनी ती धरली. गाडी जागच्या जागी. चाक तसूभर हललं नाही. झाकण सरळ उचलत होतं, मामंजी म्हणाले होते तसं.

नव्वदाला साहेब वळले. अर्जाची घडी खिशात घातली, आणि मालकांच्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. मग खाली वाकून क्लचकडे.

"हे झाकण कुठून आणलं?"

"घरचं हाय साहेब," मालक म्हणाले.

"बंद कर गाडी. डाक चालू राहू दे." एवढंच. जीपमध्ये बसून गेले.

परतीच्या वाटेवर लासुर्ण्याच्या पुढे इंजिन मोठ्यानं ओरडायला लागलं आणि गाडी मात्र पळेना. झाकण दाबायचं सोडत होतं. मी पिळलं. पुन्हा पिळलं. मग नट शेवटाला टेकले. पैसे वाट्यांसकट आत गेले होते. आम्ही उतरलो आणि ढकलायला लागलो, ते पुढून, मी मागून.

"तुझं पातेलं दमलं," मालक म्हणाले.

मला रडू आलं. ते थांबले नाहीत, ढकलत राहिले, आणि पुढून विचारलं, "शनवारीच का न्हाय सांगितलंस?"

"तुमी दारात हुता. आन रविवारी हसला."

त्यांनी खांदा लावून गाडी पुढं रेटली. मग म्हणाले, "चढ हाय. जोर लाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी तात्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसले. मीही मागं उभी होते. मामंजींना माफी मागता येत नसे. त्यांनी तंबाखू मागितली. तात्यानं आपली चंची पुढं केली, आणि म्हणाला, "सूनबाई, घरात आणखी भांडी असतील तर आत्ताच सांगा." मामंजी हसले तेव्हा कुठं मी श्वास सोडला. दुसरं झाकण निव्वळ पिस्टनचं ओतलं, चार पिस्टन जमवून. ते पुढं गाडी मोडीत निघेपर्यंत चाललं. त्याला पैशांची गरज लागली नाही.

पहिलं झाकण आत्याबाईंनी चुलीजवळ ठेवून घेतलं, उतरलेलं दूध टेकवायला. रसावरून मात्र पुन्हा कधी बोलल्या नाहीत. तीन पैसे देव्हाऱ्यात गेले. चौथा दाबानं वाटीसारखा खोलगट झाला होता. मी म्हटलं, दुसरा बघू, हा वाकलाय. आत्याबाईंनी नवा दोरा घेतला आणि तोच परत नातवाच्या कमरेला बांधला.